पत्रे अख्खे उतरवा

तिला सगळे दांडगी म्हणायचे, अगदी तोंडावर. तिला त्याचं काही वाटत नसे. ज्या घरात ती वाढली, तिथं दांडगं झाल्याशिवाय निभावच नव्हता. वडील कारखान्यात वाफेच्या नळांना ॲस्बेस्टॉसचं वेष्टण गुंडाळायचे. घरी यायचे ते केस, भुवया, कान सगळं पांढरं करून. मग कमरेचा पट्टा सुटायचा आणि पहिला फटका धाकट्या भावाच्या पाठीवर. ती मध्ये पडायची. एकदा तिनं वडिलांच्या मनगटाला असा चावा घेतला की टाके घालावे लागले.

पुढे वडिलांची छाती गेली. शेवटी शेवटी श्वासासाठी ते अक्षरशः हाणामारी करायचे. पाणी द्यायला जवळ गेलेल्यालाही गुद्दा बसायचा. डॉक्टर म्हणाले, त्या धुळीतले तंतू फुप्फुसात रुतलेत, आता निघायचे नाहीत. वडील गेले तेव्हा भावंडं रडली नाहीत.

मोठेपणी भाऊ जुन्या इमारती पाडायचा धंदा करू लागला. दांडगीनं पाडापाडीच्या आधीचं काम धरलं. इमारतीत ॲस्बेस्टॉस असेल तर पाडण्याआधी ते काढायचं, असा नियम होता. ज्यांना लोक सिमेंटचे पत्रे म्हणतात, ते धूळ उडू नये म्हणून आधी ओले करायचे, बोल्ट कापायचे, एकेक पत्रा अख्खा उतरवायचा, दुहेरी प्लॅस्टिकमध्ये बांधायचा आणि ठरवून दिलेल्या खड्ड्यातच पुरायचा. दांडगी अशा टोळीची मुकादम होती. तिच्या कामावर कोणी मास्क खाली करून सिगारेट पेटवली, की कानाखाली आवाज निघालाच म्हणून समजा.

एका सकाळी एका अनोळखी बाईचा फोन आला. "आमच्या शेजारचं गोदाम पाडतायत. वाळत घातलेल्या कपड्यांवर पांढरं काहीतरी पडतंय."

दांडगी पोचली तेव्हा बुलडोझर भिंतीला धडका देत होता. वरचे पत्रे खाली येऊन फुटत होते, तडातड. कुंपणापलीकडे शाळेचं मैदान होतं आणि पोरं त्या धुरळ्यात पळत होती. ढिगाऱ्यापाशी हातात पहार घेऊन तिचा भाऊ उभा होता.

"यंत्र थांबव," ती म्हणाली.

"ताई, घरी जा. एकेक पत्रा भिजवत बसलो तर महिना जाईल माझा."

"कसले पत्रे आहेत, माहीत आहे ना तुला?"

"सिमेंटचे."

"बापाला खाल्लं याच धुळीनं."

"मग उपकारच केले तिनं," भाऊ म्हणाला.

दांडगीनं त्याच्या थोबाडीत मारली आणि सरळ बुलडोझरवर चढली. ड्रायव्हर घाबरून बाजूला सरकला. तिनं किल्ली काढून चोळीत खुपसली. तेवढ्यात भावानं मागून तिची वेणी धरून तिला खाली ओढलं. तिचं डोकं बुलडोझरच्या चाकांवरच्या लोखंडी पट्ट्यावर आपटलं, कानातून रक्त आलं. पहार उगारलेली दिसली तसा तिनं हाताला लागलेला पाना फिरवला. भावाच्या मनगटाचं हाड मोडल्याचा आवाज मजुरांनाही ऐकू गेला. तरी त्यानं दुसऱ्या हातानं तिचा गळा धरलाच. चौघांनी मिळून त्यांना सोडवलं. दोघांच्या रक्तावर पांढरी भुकटी बसली होती.

कोणीतरी तिच्यासाठी पाणी आणलं.

"माझ्यावर नको," ती खोकत म्हणाली. "पाइप आणा, त्या पत्र्यांवर मारा. आणि शाळेला सांगा, पोरांना आत घ्या, खिडक्या लावा."

दुपारी अधिकारी आले, काम बंद पाडलं. कोर्टात तिनं भावाविरुद्ध साक्ष दिली. त्याच्या वकिलानं विचारलं, "पहिला हात कोणी उचलला?"

"मी," ती म्हणाली. "पण पत्रे त्यानं फोडले."

भावाचा परवाना काढून घेतला गेला. दांडगीचा डावा कान कायमचा गेला. त्या मैदानातले तुकडे तिच्याच टोळीनं हातमोजे घालून वेचले, वरची माती खरवडून बांधून नेली. शाळा तोवर बंद राहिली. पोरांपैकी कोणाच्या छातीत काय गेलं, हे आज सांगता येत नाही. ते कळायलाच कित्येक वर्षं लागतात. या एका विचारानं तिची झोप उडते.

"सख्ख्या भावाला उभा चिरलास," आई म्हणाली आणि बरेच महिने तिच्याशी बोलली नाही.

परवाना परत मिळाल्यावर भाऊ पुन्हा इमारती पाडू लागला. आता काम घेतलं की आधी त्याचा माणूस दांडगीच्या टोळीला बोलावतो. तिची माणसं पत्रे उतरवत असतात तोवर भाऊ तिकडे फिरकत नाही. मध्यंतरी आईकडे जेवताना दोघं समोरासमोर आले. ती म्हणाली, "परवाच्या छतावरचे चार पत्रे आधीच फुटलेले होते." त्यानं डाव्या हातानं स्टीलचा पेला फेकून मारला. तो तिच्या खांद्याला लागला. तिनं तो उचलून तितक्याच जोरानं परत फेकला. आईनं पेला उचलला, धुतला आणि पाणी भरून दोघांच्या मधे ठेवला.