तिसऱ्या वर्षीची चिकूची वाइन

मुलांनो, गेल्या आठवड्यात तुम्ही कुठल्याशा द्राक्षमळ्यातून फोटो पाठवलेत. हातात पेले आणि खाली एक ओळ : मोहक, समतोल वाइन. मग फोनवर थोरलीनं विचारलं, "आजी, तू कधी चाखलीस का गं?" आणि मी उत्तर द्यायच्या आत तुम्ही सगळे हसलात. चाखली आहे. समतोल म्हणावी अशी एकच, आणि ती आपल्याच वाडीतल्या फळाची होती. तुमचे आजोबा याबद्दल कधी बोलणार नाहीत, म्हणून मीच क्रमानं सांगते.

बोईसरजवळच्या दांडी गावाच्या अलीकडे आपली चिकूची वाडी होती. कागद आजोबांच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादांच्या नावावर. सासऱ्यांनी विश्वासानं तसं करून ठेवलं होतं. दादा पालघरला राहत, आम्ही बोईसरला. वाडीत राहून झाडं सांभाळत ते धाकटे भाऊ, माझे भाऊजी. त्यांनी लग्न केलं नाही. झाडांपलीकडे त्यांना दुसरा संसार नव्हता.

आजूबाजूच्या वाड्या एकेक करून गोदामांना आणि कामगारांच्या खोल्यांना गेल्या. दादांनाही विकायची होती. भाऊजी गयावया करू लागले तेव्हा दादा म्हणाले, "मग चिकूची वाइन करून दाखव. पिण्यासारखी झाली तर ठेवू वाडी."

दादांनी चेष्टा केली होती. भाऊजींनी ती खरी धरली. डहाणूकडे कुणी घरगुती वाइन करत असे, त्यांच्याकडे जाऊन शिकून आले.

आपल्या घरात थोरल्यानं पहिला घास घेऊन "चांगलं झालंय" म्हटल्याशिवाय पंगतीत कुणी हात लावत नसे. वाइनलाही तोच नियम लागला. ती तयार झाली की आम्ही सगळे वाडीतल्या घरी जेवायला जमत असू. भाऊजी दादांच्या ताटाशेजारी पेला ठेवत आणि उभे राहत. दादा आधी सावकाश वरण-भात संपवत, मग मासे. काटे नीट काढून ठेवत. पेल्याकडे बघतसुद्धा नसत.

पहिल्या वर्षीची खरोखर वाईट होती. फळं घाईनं उतरवलेली, त्यांचा चीक रसात गेलेला. जिभेवर थर बसत होता आणि मागून आंबलेल्या पिठाचा वास. दादांनी पेला खिडकीतून अंगणात ओतला. "बघ रे, मुंग्या तरी येतायत का." जाऊबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

दुसऱ्या वर्षी फळ पूर्ण पिकवलेलं होतं, पण नुसतीच गोडी. पहिला घोट बरा, दुसऱ्याला खोकल्याच्या औषधाची आठवण.

"कारखान्याच्या नाल्यातून भरलीस का?" दादा म्हणाले. "रंग तरी तोच दिसतोय."

"पुढच्या वर्षी असं नाय होणार, दादा."

"पुढचं वर्ष? बरं, दिलं. आणखी एक वर्ष उभा राहा."

तिसऱ्या वर्षी भाऊजींनी चिकूच्या रसात जांभूळ घातलं. दादांनी घोट घेतला, थांबले, आणि दुसरा घेतला.

"बस रे. उभा का?"

तीन वर्षांत पहिल्यांदा ते बस म्हणाले. भाऊजी पाटावर बसले.

"छान झालीय. गोड आहे आणि गोड नाही. जांभूळ का? वाटलंच मला. हे डोकं आधी कुठं ठेवलं होतंस?"

दादा बोलल्यावर आम्हालाही पेले मिळाले. रंग बिनदुधाच्या चहाचा, उजेडात धरला की कडेला जांभळी झाक. आधी वास येतच नाही. मग हळूच गुळाच्या कढईचा येतो. तोंडात गोडी पसरणार इतक्यात जांभळाचा तुरटपणा तिला आवरतो. गोडी दबत नाही, तुरटपणा वर चढत नाही. घोट उतरल्यावर जीभ स्वच्छ, आणि आणखी हवीशी वाटते. तुमच्या फोटोखालचे दोन्ही शब्द तिला लागू होते.

भाऊजी मग बोलतच सुटले. कुंपणालगत जांभळं लावायची, विहिरीकडच्या झाडांचं फळ जास्त रसाळ, ते वेगळं काढायचं. दादांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मान हलवत ऐकलं, पुन्हा पेला भरून घेतला, वर विचारलं, "आणि विहिरीकडची किती झाडं धरतोस?" भाऊजी सांगत राहिले.

ते पुरते बोलून झाल्यावर दादा म्हणाले, "विहिरीकडची आधी पडतील. ट्रक तिथूनच आत येणार आहेत. सही गेल्या महिन्यातच झाली."

"पण दादा, तुमी बोललावतात, पिण्यासारखी झाली तर..."

"झाली की. म्हणून तर पितोय."

जाऊबाई हसल्या. या वेळी पदरसुद्धा लावला नाही.

"आणि दोन बाटल्या बांधून दे," दादा म्हणाले. "ज्यानं वाडी घेतली तो शौकीन माणूस आहे. त्याला आवडेल."

मी आजोबांकडे पाहिलं. ते ताटातल्या भाताकडे बघत होते. भाऊजी उठले. त्यांनी दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, फुटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घातला, सुतळी आवळली आणि दादांच्या गाडीत नेऊन ठेवल्या. नकार देणं त्यांना सुचलं नसावं. थोरल्यानं मागितलं की द्यायचं, एवढंच या घरानं त्यांना शिकवलं होतं.

पावसाच्या आत वाडी सपाट झाली. आता तिथं लांबलचक पत्र्याचं छप्पर आहे. दादा पालघरला सुखात आहेत. दर दिवाळीला निरोप धाडून बाटली मागवतात, आणि ती त्यांना पोचते. ती मिळाल्याचा फोन मात्र ते करत नाहीत.

वाडी गेली, वाइन अजून होते. भाऊजी ती उमरोळीच्या भाड्याच्या खोलीत करतात, बाजारातून आणलेल्या चिकूंची.