गिरीजचे काजू

सत्त्याण्णव साली वसई पूर्वेच्या एका गाळ्यात प्लास्टिकच्या झाकणांच्या कडा ब्लेडने कापून कापून द्वारकाच्या बोटांची चाळण झाली होती. नोकरी सोडायची, हे पक्कं होतं. पण शेठ मेला महाबेरकी! प्रत्येकीचा एक पगार अडकवून ठेवायचा आणि बाई सोडून गेली की गिळून मोकळा. फक्त गणपतीला गावी निघालेल्या कोकणातल्या बायका पुरते पैसे घेतल्याशिवाय जागच्या हलत नसत, म्हणून तेवढ्यांचा हिशेब चुकता व्हायचा.

द्वारका त्यांच्याच रांगेत उभी राहिली.

"तू पण गावाला?" शेठने विचारलं.

"हो, गिरीजला," ती म्हणाली आणि तिचीच धांदल उडाली. हे खरं झालं की खोटं?

मालाडहून गाडीने येणाऱ्या शेठला वसईतलंच गिरीज काय ठाऊक! त्याने तिला कधी नावाने हाक मारली नव्हती, तर गाव कुठून विचारणार? त्याने सगळे पैसे दिले. वर म्हणाला, "येताना गावचे काजू आण."

तासाभरात द्वारका गिरीजला आपल्या केळीच्या वाडीत पोचली. पैसे नवऱ्याच्या हातात ठेवले आणि तोंड पाडून बसली.

"परत जायचंय का तिथे?" हिरामणने विचारलं.

"माझं खेटर जातंय!"

"मग झालं काय?"

"अहो, त्या काजूंचं काय करू? मी हो म्हणून बसलेय!"