टायमर माझा, डायोड नामाचा

नामाची सून फोनवर एवढंच बोलली, "काका, आण्णा गेले... चहा घेतला आन् बसल्या जागी गेले." मी तेव्हा लिंबोणीत आळी करत होतो. खोरं तिथंच टाकलं आणि त्याच्या गावी, काष्टीला गेलो. त्याला आता दीड महिना झाला. लिहायची मला सवय नाही. शाळा चौथीपर्यंत, आणि ती चौथीही पुरती नाही. पण माझ्या तोंडून गावभर एक गोष्ट खोटी गेली आहे, ती मीच दुरुस्त करणार, म्हणून पेन धरलं.

नामदेव, आमचा नामा, काष्टीत चाळीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. आम्ही एका वर्गातले. शाळा सोडली मी, तो टिकला. बाजारच्या दिवशी त्याच्या दुकानात जाऊन बसायचं, हा माझा नेम. सोल्डरिंग मी तिथंच बघून बघून शिकलो, पण 'शिकव' असं त्याला कधी म्हणालो नाही. मला कुणी शिकवलेलं सोसत नाही. नामाला ते ठाऊक होतं, म्हणून तो माझ्यासमोर काम जरा सावकाश करायचा... हे मला आता कळतंय.

माझी बोअर वीस मिनिटं पाणी देते, मग दीड तास गप्प. विसाव्या मिनिटाला बंद केली नाही तर मोटर कोरडी चालते आणि जळते. गेल्या वर्षी एक जळाली. या उन्हाळ्यात दुसरी जळाली असती तर लिंबोणी वाळलीच असती. मुलगा म्हणाला, तयार टायमर आणतो. मी म्हटलं, टायमर मीच बनवणार. तेवढ्यावर राहिलो नाही, चहाच्या टपरीवर चारचौघांत बोलूनही बसलो.

बनवला. टायमरमधला रिले म्हणजे तारेच्या वेटोळ्यावर चालणारं बटन. ट्रान्झिस्टरनं वेटोळ्यात करंट सोडला की टक् वाजून मोटर चालू, करंट तोडला की टक् वाजून बंद. दोन दिवस छान चालला. तिसऱ्या दिवशी वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली, रिले मोटर सोडीचना. पळत जाऊन मेन स्विच पाडला. ट्रान्झिस्टर गेला होता, करंट तोडतच नव्हता. नवा घातला, तो एक दिवस टिकला. असे पाच घालवले. माल भिकार आहे म्हणून दुकानदाराला शिव्या घातल्या. नामाकडे गेलो नाही. बाजारही चुकवला.

दोन बाजार मी दिसलो नाही आणि दुकानदाराकडून ट्रान्झिस्टरचं कळलं, तेव्हा नामाच आला, भाजीच्या टेम्पोत बसून. छातीचं दुखणं होतं, चार पावलं चालला की थांबायचा. बाजेवर टेकला, दम खाल्ला आणि म्हणाला, "लेका दशरथा, खून किती केलेस?"

"पाच. माल खराब हाय."

"पाचीच्या पाची खराब? बरं. मरतेत कवा? मोटर चालू करताना का बंद करताना?"

हे मी बघितलंच नव्हतं. आठवून म्हणालो, "बंद करताना."

"मंग चालू करन्यात तुजी काय चूक न्हाई. सोडताना काय हुतं ते बघ. भरल्या पायपाचा कॉक एकदम बंद केलास तर?"

"पायप हादरतो. सांधा निखळतो."

"मंग वेटोळ्यातल्या करंटनं कुटं जायाचं?"

मी बोर्ड उलटा करून वेटोळ्याची दोन टोकं बघितली. पुढं होऊन त्यानं माझ्या बोर्डाला हात लावला नाही. शर्टाच्या खिशातून एक डायोड काढला, करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा, तांदळापेक्षा थोडा मोठा, काळा, एका टोकाला पांढरी रेघ, आणि बाजेच्या कडेला ठेवला. म्हणाला, "रेघ कुनीकडं करायची ते तू ठरव. मला च्या सांग." मी आत चहा सांगून आलो आणि रेघ प्लसकडे करून वेटोळ्याच्या दोन टोकांवर तो डायोड जोडला, म्हणजे तुटलेला करंट ट्रान्झिस्टरवर न आदळता वेटोळ्यातच फिरून विरतो. तेव्हापासून ट्रान्झिस्टर गेला नाही. मोटर वाचली, बाग वाचली.

टपरीवर मी सांगितलं, एकट्यानं केलं. नामा शेजारी चहा पीत होता. पीतच राहिला.

त्याचं दहावं झाल्यावर मी टपरीवर गेलो आणि सगळ्यांना म्हणालो, चूक नामानं शोधली होती, मी नाही. टपरीवाला बाळू हसला. "दादा, गेलेल्या मानसाला मोठेपना देताय, चांगलं हाय. पन आमी आण्णाला तवाच इचारलं हुतं. आण्णा म्हनला, दशरथनं एकट्यानं केलं, म्या हातबी लावला न्हाई. आण्णा कवा खोटं बोलायचा व्हय?"

म्हणजे नामाच्या शब्दापुढं माझा शब्द चालेना. माझीच फुशारकी तो मला पक्की करून देऊन गेला. पण मीही असा सोडणारा नाही.

दुसऱ्या दिवशी टायमर काढला, मोटारसायकलची बॅटरी घेतली आणि टपरीच्या बाकड्यावर मांडामांड केली. डायोड काढून टाकला. "आता बघा," म्हटलं आणि रिले हातानं चालू-बंद करायचं टायमरवरचं बटन दाबायला लागलो. टक्, सोडलं, टक्. दहा झाले, वीस झाले, ट्रान्झिस्टर मरेना! शेतात पाच मेले, इथं एक मरेना. बाळू मोजता मोजता म्हणाला, "दादा, आण्णाच खरा." मी दाबत राहिलो. अंगठा दुखायला लागला. त्रेसष्टाव्याला बटन सोडलं आणि टक् वाजलंच नाही. ट्रान्झिस्टर मेला, रिले धरून बसला. बाकड्यावरचे सगळे पुढे वाकले.

टपरीच्या फ्रिजची पिन काढून तिथं सोल्डरगन लावली. नवा ट्रान्झिस्टर घातला, डायोड परत जोडला आणि शंभर वेळा दाबून दाखवलं. शंभरही वेळा रिले टक् वाजून सुटला.

"बास दादा, पटलं," बाळू म्हणाला.

"काय पटलं? नाव घिऊन सांग."

त्यानं फ्रिजची पिन परत लावली, गल्ल्यामागं उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "टायमर दादाचा. पन चालवला नामदेवआण्णानं."

मी बोर्ड पिशवीत घातला आणि घरी निघालो. टायमर परत बसवेपर्यंत त्या दिवशी मोटर हातानं बंद करायची होती.