वळायचं तेवढं राहिलं

खरवईत आमच्या बिल्डिंगमागचा नवा सिमेंटचा रस्ता अजून कुठेच जात नाही. सकाळी कामाला निघताना मला ती तिथे दिसायची. पन्नाशीची बाई, पदर कमरेला खोचलेला, हातात लेकाची जुनी सायकल. सरळ छान चालवायची. रस्ता संपला की मात्र उतरायची, सायकल हाताने फिरवायची आणि पुन्हा बसायची.

एकदा मी बघत थांबले तशी म्हणाली, "एक तारखेपासून कंपनीच्या कॅन्टीनात चपात्या लाटायचं काम हाय. पहाटे रिक्षा मिळत नाय. सायकल आली तर काम माझं, नाय तर दुसरीचं."

"येतेय की तुम्हाला!"

"सरळ काय, रस्ताच नेतो गो. वळायला आपण लागतो." मग तिनेच विचारलं, "तुला येते ना?"

आमच्या घरात कॉलेज केलेली मी पहिली. 'येत नाही' हे शब्द माझ्या तोंडून निघत नाहीत. "येते की," मी ठोकून दिलं. खरं तर भावाची सायकल मी आजवर फक्त पुसली होती.

महिनाअखेरीस एका सकाळी ती टोकाला पोचली आणि उतरलीच नाही. डुगडुगत वळली ती थेट माझ्या अंगावर. "बाजूला हो गो! आता थांबत नाय मी!"

एक तारखेला रस्ता रिकामा होता. तिचं नावही मी विचारलं नव्हतं.

रविवारी भावाची सायकल घेऊन मी तिथे गेले. वॉचमनकाकांनी विचारलं, "येते का चालवता?"

"नाही," मी म्हणाले. "शिकतेय."