चादरीखालचं बदक

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खेळणी दुरुस्त करणारे होते. सेलवरची बाहुली बोलेनाशी झाली की मुलं रडत त्यांच्याकडे यायची. काउंटरवर सेलवरचं एक पिवळं बदक असायचं, दाबलं की क्वॅक करणारं, म्हणून सगळे त्यांना बदककाका म्हणायचे. माणूस अबोल. बोलायचं खातं काकूंकडे होतं. त्या मागच्या खोलीत शिवणकाम करायच्या आणि मशीनच्या बरोबरीने त्यांचं तोंड चालायचं.

मग काकूंना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली. इस्पितळातून सोडताना डॉक्टर म्हणाले, "समज राहिलेली दिसत नाही. आता फक्त स्वच्छता सांभाळा."

तेच जमेना. काका पुढे दुकानात, काकू मागे पलंगावर. गादी ओली झालेली कळायला उशीर व्हायचा. पाठीला जखमा झाल्या. ड्रेसिंगला येणाऱ्या नर्सबाई फटकळ होत्या.

"डायपरने मांड्या सोलवटल्यात, तो नकोच. पण ओल्यात ठेवलंत तर कातडी सडणारच. भिजलं की लगेच बदलायला हवं."

"पण कळणार कसं? ती सांगत नाही."

"ते तुम्ही बघा," म्हणून नर्सबाई गेल्या.

काकांचा सगळा जन्म सेल उघडण्यात गेलेला. सेल म्हणजे तरी काय? दोन वेगळे धातू आणि त्यांच्यामध्ये खारट ओल. लघवीही खारटच. म्हणजे गादी भिजेल तेव्हा तिथल्या तिथे वीज तयार होईल, वेगळा सेल घालायलाच नको. त्यांनी जुन्या सेलची जस्ताची कवचं उलगडून पट्ट्या कापल्या. एक पट्टी जस्ताची, एक तांब्याची, मध्ये सुती कापडाची घडी. असे चार कप्पे मेणकापडावर सुटे सुटे शिवले, तारेने एकापुढे एक जोडले आणि टोकाला काउंटरवरच्या बदकातली आवाजाची चकती काढून लावली.

मुलगी गावातच दिलेली, दुपारी आईला बघायला यायची. ती आली तेव्हा काका पलंगाजवळ हे सगळं मांडून बसले होते.

"बाबा, या बरणीत काय आहे?"

"माझंच आहे."

मुलीने नाक दाबलं. काकांनी आधी कापडाच्या घड्यांवर साधं पाणी ओतलं. काही नाही. कापड बदलून बरणीतलं ओतलं, तर तारेच्या टोकाला बारीक आवाजात क्वॅक झालं.

"नुसत्या पाण्याने वाजत नाही," काका म्हणाले. "खारट लागतं."

"तुमचं डोकं फिरलंय," मुलगी म्हणाली, पण मेणकापड गादीवर अंथरायला तिनेच हात दिला.

तार दुकानापर्यंत ओढली आणि बदक कामाला लागलं. आवाज झाला की काका हातातलं काम टाकून आत जात, चादर बदलत. दोन मेणकापडं केली होती, एक गादीवर, एक धुऊन दोरीवर. जस्त काळं पडे, ते घासावं लागे. गिऱ्हाइकं हसायची, काका लक्ष द्यायचे नाहीत. जखमा भरत आल्या तेव्हा नर्सबाईंनी मेणकापड उलटंपालटं करून पाहिलं आणि नीट अंथरून ठेवलं.

पुढे एकदा मुलगी म्हणाली, "आईचं मशीन धूळ खातंय. माझ्या जावेला हवंय. आई काय आता शिवणार आहे?"

"ने," काका म्हणाले.

तेवढ्यात बदक वाजलं. चादर तर नुकतीच बदललेली. बघतात तो सूपची वाटी गादीवर उपडी. सांडलं असेल म्हणून मुलीने पुसून घेतलं.

मशीन न्यायला हमाल आला त्या दिवशी काका दारात उभे होते. काकूंच्या डाव्या हाताशी स्टुलावर पाण्याचा पेला होता, त्याच्या मागे सूपची वाटी. हमालाने मशीनला हात घातला आणि काकूंचा हात हलला. पेल्याला वळसा घालून वाटीकडे गेला. त्यांनी चादर बाजूला सारली आणि सूप मेणकापडावर ओतलं. क्वॅक. नजर मशीनवर.

"ठेव ते खाली," काका हमालाला म्हणाले.

त्यांनी दुकानातून सेल घातलेलं दुसरं बदक आणलं आणि काकूंच्या मुठीत दिलं. "अगं, तुला कळतंय का सगळं? कळत असेल तर एकदा दाब."

एकदा वाजलं.

"मशीन देऊ? नको असेल तर दोनदा दाब."

दोनदा वाजलं. मग वाजतच राहिलं. मुलगी खाली बसून रडायला लागली. हमाल हात झाडत निघून गेला.

डॉक्टरांना कळवलं तेव्हा ते म्हणाले, "असं होतं कधी कधी."

काकू त्यानंतर दोनेक वर्षं जगल्या. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही, आणि त्यांचं बहुतेक वेळा दोनदाच असायचं. गल्लीतल्या दोन घरांनी आपल्या म्हाताऱ्यांसाठी तसली मेणकापडं करून नेली.

काकू गेल्यावर बऱ्याच दिवसांनी काका माझ्याशी बोलले. "डॉक्टरांचं ऐकून मी तिच्या उशाशी उभा राहून मुलीला म्हणालो होतो, सुटली तर बरं होईल."

"त्यांनी ऐकलं होतं?"

"विचारलं मी तिला. एकदा वाजलं."

"मग?"

"मी दुकानात जाऊन बसलो. जरा वेळाने पुन्हा वाजलं. आत गेलो, तर तिला कूस बदलायची होती."