रिपोर्ट यायचाय

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. निवृत्तीच्या समारंभात माझ्यावर भाषणं झाली, तेव्हा एकदा वाटलं — उठावं, बोलून टाकावं. उठलो नाही.

मी विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवायचो. त्या वर्षांत आमच्याकडं एकच ध्यास होता, जागतिक रँकिंगचा. परदेशी जर्नलमध्ये पेपर किती, जगात त्यांचा संदर्भ किती जणांनी घेतला, यावर नंबर वरखाली व्हायचा. दर मीटिंगला नावानिशी विचारणा. माझ्या नावापुढं बरेच दिवस काहीच नव्हतं. लाज वाटायची — की भीती?

आणि सलग दुष्काळ. शहर करमाडकडं पसरत चाललेलं, नव्या बिल्डिंगांचे बोअर खोल खोल जाणारे, खेड्यांतल्या विहिरींत तळाला उरलेलं पाणी. माझी विद्यार्थिनी सुनीता त्याच पाण्यावर पीएचडी करत होती. करमाडच्या पलीकडच्या एका वस्तीवरची, मेंढपाळाच्या घरातली. नमुन्यांच्या बाटल्या मांडीवर धरून एसटीनं यायची.

तिच्याच वस्तीच्या विहिरीत नायट्रेट निघालं. तान्ह्या लेकराला धोका व्हावा, ओठ निळे पडावेत, इतकं. तिनं पुन्हा पुन्हा तपासलं. म्हणाली, "सर, मी आजच जाऊन सांगते."

मी म्हणालो, थांब. आधी पेपर छापून येऊ दे. बातमी फुटली तर दुसरं कुणीतरी आपल्याआधी छापेल. ती थांबली. मी तिचा गाइड होतो — थांबणार नाही तर काय करणार?

पुढच्या महिन्यात आणखी नमुने घ्यायला आम्ही वस्तीवर गेलो. तिची चुलती विहिरीवर होती, काखेत नात. मला म्हणाली, "सर, हिला पावडरीचं दूध ह्याच पाण्यात कालवून देतो. पाणी चांगलं हाय ना?"

रिपोर्ट माझ्या बॅगेत होता. सुनीता माझ्याकडं बघत होती.

"रिपोर्ट यायचाय अजून, मावशी," मी म्हणालो.

पण खरी गोष्ट ही नाही. खऱ्या गोष्टीकडं येतानाच मी अडखळतोय.

त्या संध्याकाळी सुनीतानं मला न विचारता घरोघर सांगितलं. सकाळी सरपंचाचा फोन आला. "सर, पोरगी म्हणती पाणी खराब हाय. खरं का?" मी म्हणालो, "ती अजून शिकतेय. तिचे आकडे पक्के नाहीत."

लोकांनी कुणाचं ऐकावं? माझंच ऐकलं. टँकर कधीतरी यायचा. विहीर तर रोजची. दोन आठवड्यांनी त्या नातीचे ओठ निळे पडले, तिला शहरातल्या सरकारी दवाखान्यात आणलं. वाचली. पाण्यामुळंच झालं का? कुणी तपासलं नाही. मी तपासू शकलो असतो.

पेपर आला, माझं नाव पहिलं. पुष्कळ ठिकाणी त्याचा संदर्भ घेतला गेला. विद्यापीठाचा नंबर वर सरकला, मला शाल मिळाली. सुनीतानं पीएचडी सोडली आणि वाळूजला एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागली.

मागच्या वर्षी ती मुकुंदवाडी स्टेशनवर दिसली. स्वतःहून जवळ आली. "सर, सरपंचाला तुम्ही काय सांगितलं, ते मला त्याच दिवशी कळलं होतं."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"कुणाला?"

गाडी आली, ती चढली. माफी मागायला वेळ होता. मी मागितली नाही.