बाबांच्या मापाची जीन्स

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मी आणि प्रवीण बंगळूरला निघालो, तेव्हा आर्णीच्या स्टँडवर आई रडली नाही. तिने चौकशी केली. बस खरंच नागपूरपर्यंत जाते का, हे आधी कंडक्टरला विचारलं, मग खात्रीसाठी ड्रायव्हरलाही. प्रवीणकडून तिने घराचा मजला, पाण्याची वेळ, शेजारी कोण राहतात, सगळं काढून घेतलं आणि त्याच्या प्रत्येक उत्तरावर नुसतं "हूं" म्हणाली. बाबा तोवर डिकीतल्या बॅगा जागच्या जागी आहेत ना, हे पुन्हा पुन्हा पाहून येत होते. बस हलली तशी आई खिडकीशी आली आणि म्हणाली, "तिथं कोनाच्या गोड बोलन्यावर जाऊ नको."

आमच्या घरात माया अशीच करतात. जवळ कोणी घेत नाही, शंका घेतात.

गावाकडे मी कधी जीन्स घातली नव्हती. यवतमाळला कॉलेजात होते तेव्हाही नाही. बंगळूरला मात्र आमच्या अपार्टमेंटमध्ये लिफ्टमधल्या आज्जीसुद्धा जीन्समध्ये दिसायच्या. मीही मॉलमधून दोन आणल्या. मांडीला घट्ट, कंबरेला ढगळ. बसलं की मागून वारा लागायचा. आर्णीला शिवणक्लास केलेला होता, म्हणून एक सेकंडहँड मशीन घेतली आणि ठरवलं, आपली आपण शिवू.

डेनिमने मला चांगलंच रडवलं. ब्लाउज आणि फ्रॉक शिवलेला हात माझा. जिथे चार पदर एकावर एक येतात तिथे सुई तुटायची नाहीतर टाके सुटायचे. मग जाड कापडाची सुई आणली, कापड आधी धुऊन आटवून घेतलं, जुनी जीन्स उसवून तिच्यावरून मापाचा पेपर कापला आणि जाड शिवणी खलबत्त्यातल्या बत्त्याने ठोकून चपट्या केल्या. हाताला दोन दिवस निळा रंग होता. पण जीन्स अंगाला अशी बसली की मी आरशासमोर फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

लगेच आईचा फोन आला. फोटोबद्दल ती बोललीच नाही. जावयाची नोकरी आहे ना, एवढंच विचारलं. मी हसले. ती हसली नाही. बाहेर दुकानं भरलेली असताना पोरगी घरी पँट शिवते, म्हणजे काहीतरी लपवते आहे, असा तिचा हिशेब. तिने व्हिडिओ कॉल लावून स्वयंपाकघर दाखवायला सांगितलं, कणकेचा डबा उघडायला लावला. नंतर कळलं की तिने माझ्या मावसबहिणीलाही माझ्याकडे सहज म्हणून फोन करायला लावलं होतं.

मग एक दिवस तीच म्हणाली, "तुह्या बाबाले एक शिवून दे तसली."

आता शंका घ्यायची पाळी माझी होती. माझ्या बाबांनी उभ्या जन्मात टेरिकॉटच्या पँटशिवाय काही घातलेलं नाही. कशाला, असं विचारलं तर वावरात काटे लागतात म्हणाली. मापं तिनेच फोनवर सांगितली. मी लिहून घेत गेले. कंबर बाबांच्या कंबरेपेक्षा कितीतरी कमी. सीटचा घेर जास्त. उंची चार बोटं कमी.

मी मापं परत विचारली. तिने तीच सांगितली.

बाबांचं पोट कुठे गेलं? आणि खाली सूज कसली? त्या दिवसापासून माझं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. व्हिडिओ कॉलवर बाबांचा फक्त चेहरा दिसायचा. जरा उभे राहा म्हटलं, तर आई फोन स्वतःकडे ओढून घ्यायची. धाकटा भाऊ नीलेश यवतमाळला मोबाइलच्या दुकानात कामाला आहे, त्याला खोदून विचारलं. "बाबा एकदम ठीक हायेत ताई," तो म्हणाला, आणि इतक्या घाईने म्हणाला की माझी खात्रीच पटली. मी इंटरनेटवर नको ते वाचत बसले. प्रवीण म्हणाला, सरळ विचार ना. त्याला आमचं घर माहीत नाही. आमच्याकडे सरळ विचारलं की सरळ खोटं मिळतं.

ती जीन्स मी त्याच मापांनी शिवली. शिवून झाल्यावर कुरिअर केली नाही. कोणाला न सांगता नागपूरची गाडी धरली. सांगितलं असतं तर मी पोचेपर्यंत सगळे औषधं लपवून, हसरे चेहरे करून बसले असते.

कापूस वेचणीचे दिवस होते. घराला कुलूप. बॅग घेऊन तशीच वावरात गेले. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बाबा कापसाचं गाठोडं बांधत होते. पोट जागच्या जागी. मला पाहून ते उठून उभे राहिले आणि त्यांची नजर आधी माझ्या बॅगेवर गेली.

"जावयासंग भांडून आली काय व?" त्यांनी हळूच विचारलं.

मी उत्तर देण्याऐवजी त्यांच्या भोवती फिरून त्यांना बघत होते. तब्येतीचं विचारलं, डॉक्टरांचं विचारलं. त्यांना काही कळेना. शेवटी मी जीन्स काढून त्यांच्या अंगाला लावली. ती घोट्याच्या वरच राहिली.

"हे माह्यं माप नोय," बाबा म्हणाले. "मी तं कोनाले माप देल्लंच नाई."

तेवढ्यात पऱ्हाटीतून, कापसाच्या झाडांतून, आई आली. साडीवर बाबांचा जुना शर्ट, कंबरेला ओटी, ओटीत कापूस. जीन्स पाहून ती जागीच थांबली. आणि पोरीसारखी लाजली. आईला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

"मले पाहिजे होती," ती म्हणाली.

दरवर्षी वेचणीत पोटऱ्या ओरबाडून निघतात, साडी काड्यांत अडकते. खताची माहिती द्यायला एक पोरगी आली होती, ती जीन्स घालून झाडांच्या दोन ओळींमधल्या तासातून सरसर चालत गेली. तेव्हापासून आईच्या मनात होतं. पण बाबा हसतील, आणि मी फोटो ग्रुपवर टाकीन, ही भीती. म्हणून माप स्वतःचं आणि नाव बाबांचं. नीलेशला तिने शपथ घातली होती. बाबांना व्हिडिओवर उभं राहू दिलं नाही, कारण उभे राहिले की पोट दिसलं असतं.

मला तिथेच रडू फुटलं. इतक्या दिवसांचं सगळंच बाहेर आलं. तिने ओटी सोडून खाली ठेवली.

मग ती विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत जाऊन जीन्स घालून आली. बाबा बराच वेळ बघत राहिले. हसले नाहीत. लांबून कोणी येतंय का ते पाहिलं आणि म्हणाले, "उद्यापासून तू त्या काटेरी तासात लाग. मी इकडं वेचतो."

बाबा गाठोडं घेऊन पुढे गेल्यावर आईने मला धुऱ्यावर बसवलं.

"आता तुह्यं सांग. तू कायले शिवत बसते?"

मी म्हणाले, नोकरी आहे गं प्रवीणची. पगार होतो.

"ते मले समजलं. तुह्यं इचारून राह्यली मी."

आणि मग मी सांगितलं. प्रवीण सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. शेजारी चांगले आहेत, पण बोलायला भाषा नाही. दिवस संपत नाही. डेनिम शिवायला वेळ लागतो, म्हणून मी डेनिम शिवते.

 आईने माझ्या हाताची बोटं उलटसुलट करून पाहिली, सुई टोचल्याच्या खुणा पाहिल्या.

"मशीन चालोते तेवढा येळ मले फोन लावत जाय," ती म्हणाली. "बोलाचं नसलं तं नको बोलू. आवाज आयकीन."

आता मी शिवायला बसले की फोन स्पीकरवर ठेवते. तिकडून कधी भाकरी थापल्याचा, कधी कोणाशी तरी भांडणाचा आवाज येतो. आम्ही फार बोलत नाही. तुमच्यातले जे गाव सोडून आलेत, त्यांना माहीत असेल, इथे कोणी 'कशी आहेस' विचारलं आणि मी 'फाइन' म्हटलं, की माणसं समाधानाने पुढे जातात. आर्णीजवळच्या त्या वावरात मात्र दोन माणसं आहेत, ज्यांना माझं 'बरी आहे' कधीच पटत नाही. माझं घर आता तेवढंच आहे. मध्येच मशीन थांबली तर आई लगेच विचारते, "काहून थांबली?"